कर्जफेडीची बोलणी आणि उत्पन्नाचा पुरावा

सोयाबीनची रास घरात येते न येते तोच सोसायटीची मागणी नोटीस, बँकेच्या शाखेचा निरोप आणि कृषी सेवा केंद्राच्या उधारीची आठवण ही तिन्ही एकदमच शेतकऱ्याच्या दाराशी येतात. साल चांगले गेले असेल तर यात अवघड असे काही नसते. परंतु काढणीच्या वेळी पावसाने गाठले, शेंगा झाडावरच फुटल्या किंवा बाजारभाव घसरला, म्हणजे सर्वांचे देणे एका हंगामात भागविणे अशक्य होऊन बसते. अशा वेळी पुष्कळ शेतकरी दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण गटसचिव दिसला की वाट बदलतात. काही जण आपण होऊन कचेरीत जातात आणि “शिमग्यापर्यंत सगळे चुकते करतो” असे तोंडी वचन देऊन परततात. पहिल्या मार्गाने व्याज वाढते. दुसऱ्याने व्याज तर वाढतेच, शिवाय शिमगा उलटल्यावर शब्दाची किंमतही उणावते.

तिसरा मार्ग आहे, पण तो फारसा वापरला जात नाही. आपले वर्षाचे उत्पन्न किती, ते कोणत्या महिन्यात हाती येते, त्यातून शेती व घर चालवून किती उरते, हे कागदावर मांडून त्याच्या पावत्यांसह धनकोपुढे ठेवणे आणि त्या आधाराने हप्ते मागणे, हा तो मार्ग होय. येथे धनको म्हणजे ज्याचे देणे आहे तो. मग ती विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था असो, राष्ट्रीयीकृत बँक असो, खतबियाण्यांचा दुकानदार असो किंवा हातउसने देणारा सोयरा असो.

हा मार्ग टाळण्याचे कारण उघड आहे. उत्पन्न दाखविले तर धनको सगळेच उचलून नेईल, अशी भीती शेतकऱ्याच्या मनात असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीची रक्कम परस्पर कर्जखाती वळती करू नये, अशा सूचना शासनाला वेळोवेळी काढाव्या लागल्या, यावरूनच काय ते समजावे. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सोसायटीला शेतकऱ्याचे क्षेत्र ठाऊक असते, पीकपेरा ठाऊक असतो आणि त्या वर्षीचा बाजारभावही ठाऊक असतो. म्हणजे त्याच्या विक्रीचा अंदाज तिला घरबसल्या बांधता येतो. जे तिला कळत नाही ते खर्चाचे. मळणीचे किती गेले, फवारण्या किती झाल्या, आईच्या दवाखान्याला किती लागले, हे तिच्या दप्तरात कोठेच नसते. उत्पन्न लपविणारा शेतकरी वस्तुतः आपला खर्च लपवीत असतो आणि त्याचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. ज्याने खर्चासह पूर्ण हिशोब दाखविला, त्याच्याकडे विक्रीच्या एकूण आकड्यावर बोट ठेवून मागणी करणे कोणाही अधिकाऱ्याला जड जाते.

पुरावा कशास म्हणावे

नोकरदाराला पगाराची चिठ्ठी दाखविली की काम भागते. शेतकऱ्याला तसा एकच कागद नाही. त्याचे उत्पन्न अनेक वाटांनी आणि अनेक तारखांना येते, म्हणून पुरावाही तसाच गोळा करावा लागतो.

बाजार समितीच्या आवारात माल विकला असेल तर आडत्याची हिशोबपट्टी हा सर्वांत भक्कम कागद होय. तिच्यावर तारीख, वजन, दर, हमाली-तोलाईची कपात आणि हाती पडलेली रक्कम ही सर्व असतात. अडचण अशी की, पट्टी खिशात राहते आणि खिशासकट धुतली जाते. ती घरी आल्याबरोबर एका पिशवीत किंवा वहीत टाचून ठेवावी. शक्य तर तिचे छायाचित्र भ्रमणध्वनीत काढून ठेवावे, कारण काही पट्ट्यांवरील शाई वर्षभरात उडून जाते. गावातच खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला माल घातला असेल तर बहुधा पट्टी मिळत नाही. अशा वेळी साध्या कागदावर वजन, दर, तारीख व त्याची सही एवढे तरी मागून घ्यावे, आणि रोख घेण्याऐवजी रक्कम खात्यावर घेण्याचा आग्रह धरावा. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर घातलेल्या तुरी-हरभऱ्याचे पैसे खात्यावरच जमा होतात, म्हणून तेथे पासबुकातील नोंद व केंद्राची पावती ही जोडी पुरते.

ऊस असेल तर कारखान्याची वजनपावती व ऊसबिल ठेवावे. तोडणीची तारीख आणि बिल जमा झाल्याची तारीख या दोन्हींची नोंद अगत्याने करावी. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. परंतु ते लांबले तर शेतकऱ्याचा हप्ताही त्याच्या दोषावाचून लांबतो, आणि ही गोष्ट केवळ या दोन तारखांनीच सिद्ध होते. दुधाच्या बाबतीत दहा-दहा दिवसांच्या बिलांची चळत सांभाळणे कंटाळवाणे होते खरे. तेव्हा डेअरीच्या सचिवाकडून वर्षाचा गोषवारा सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यावा.

याखेरीज चालू वर्षाचा सातबारा, आठ अ व पीकपाहणीची नोंद लागते. २०२१ च्या खरिपापासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली असून आपले पीक आपणच भ्रमणध्वनीवरून नोंदवावयाचे असते. ही नोंद राहून गेली तर पेरणी प्रत्यक्षात होऊनही कागदावर क्षेत्र पडीक दिसते. मग नुकसानभरपाईच्या वेळी आणि हप्त्यांच्या बोलणीत, दोन्हीकडे त्याचा जाच होतो. पीक बुडाले असेल तर पंचनाम्याची प्रत किंवा नुकसानग्रस्तांच्या यादीतील आपल्या नावाचा उतारा मिळवून ठेवावा.

तहसीलदारांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण “पुरावा आणा” म्हटले की बहुतेकांना तोच आठवतो. हा दाखला शैक्षणिक सवलतींसाठी आणि निरनिराळ्या योजनांसाठी उपयोगी आहे, आणि बँकेने मागितल्यास तोही द्यावा. परंतु त्यात वर्षाचा एकच आकडा असतो. पैसा कार्तिकात येतो की फाल्गुनात, आणि त्यातले खर्चात किती जाते, हे तो सांगत नाही; आणि हप्ता बांधताना नेमके तेच कळावे लागते. दुसरे असे की, मुलीच्या फीसाठी काढलेला दाखला एक आकडा सांगतो आणि कर्जाच्या अर्जावर त्याच वर्षाचे उत्पन्न त्याच्या तिप्पट लिहिलेले असते, असा प्रकार गावोगाव आढळतो. पुष्कळदा ही विसंगती लबाडीची नसते. एकाने विक्रीचा आकडा लिहिला, दुसऱ्याने खर्च वजा जाता उरलेला, एवढेच झालेले असते. पण दोन कागद एका टेबलावर आले की अर्जदार खोटा ठरतो. म्हणून कोठेही आकडा लिहिताना तो एकूण विक्रीचा आहे की खर्च वजा जाता शिल्लक राहिलेला आहे, हे शब्दांत लिहावे.

एका कुटुंबाचा हिशोब

उदाहरणादाखल मराठवाड्यातील पाच एकरांचे एक कोरडवाहू कुटुंब घेऊ. विहिरीला हरभऱ्यापुरते पाणी आहे. खरिपात चार एकर सोयाबीन व त्यात तुरीचे आंतरपीक, एक एकर वैरणीसाठी, रब्बीत तीन एकर हरभरा आणि दावणीला दोन दुभती जनावरे. आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपापल्या पट्टीवरचे घालावेत.

सोयाबीन २८ क्विंटल, दर ४,३०० रुपये : विक्री १,२०,४०० रुपये, खर्च ५६,००० रुपये.
तूर ६ क्विंटल, दर ७,००० रुपये : विक्री ४२,००० रुपये, खर्च ९,००० रुपये.
हरभरा १४ क्विंटल (बियाणे व घरखर्च ठेवून), दर ५,४०० रुपये : विक्री ७५,६०० रुपये, खर्च ३०,००० रुपये.
दूध : वर्षाची बिले ७६,८०० रुपये, पेंड, वैरण व औषधपाणी ४६,००० रुपये.

एकूण विक्री ३,१४,८०० रुपये आणि खर्च १,४१,००० रुपये. शिल्लक १,७३,८०० रुपये. घरखर्च महिन्याला ८,५०० रुपये धरला तर वर्षाचा १,०२,००० रुपये होतो. त्यात किराणा, शाळा, वीज, दवाखाना, लग्नकार्यातील आहेर हे सर्व आले. उरले ७१,८०० रुपये. यातून मोटारीची दुरुस्ती, जनावराचे आजारपण अशा अनपेक्षित गोष्टींसाठी १५,००० रुपये बाजूस ठेवावेत. अशा रीतीने कर्जफेडीस मोकळी रक्कम ५६,८०० रुपये राहते.

आता देणे पाहू. मागील साली सोयाबीन पावसात सापडल्यामुळे सोसायटीचे ८०,००० रुपये थकले. पाइपलाइनच्या मुदती कर्जाचे बँकेकडे ६०,००० रुपये बाकी असून वर्षाचा हप्ता ३०,००० रुपयांचा आहे. कृषी सेवा केंद्राचे २४,००० रुपये आणि मेहुण्यांकडून घेतलेले २०,००० रुपये. सर्वांनी आपापले या वर्षीच मागितले तर व्याज सोडूनही १,५४,००० रुपये लागतात. मोकळी रक्कम त्याच्या निम्मीसुद्धा नाही. या शेतकऱ्याने “यंदा सगळे देतो” म्हटले तर त्याने, मनात नसले तरी, तिघांना तरी खोटे सांगितले असे होईल.

हाच हिशोब पुढे ठेवून तो वेगळे मागू शकतो. दावणीची एक वगार विकून कृषी सेवा केंद्राचे २४,००० रुपये एकदम भागवावेत. वगार दरवर्षी विकता येत नाही, म्हणून तिची रक्कम वार्षिक उत्पन्नात धरावयाची नाही. ती एक लहान देणे मुळापासून मिटविण्यास लावावी हे बरे. सोसायटीला वर्षाला २०,००० रुपये मुद्दल चार वर्षे आणि बँकेला १५,००० रुपये मुद्दल चार वर्षे. दोन्हींचे पहिल्या वर्षाचे व्याज मिळून सुमारे १३,००० रुपये. मेहुण्यांना वर्षाला ५,००० रुपये. बेरीज ५३,००० रुपये, म्हणजे मोकळ्या रकमेच्या आत. पुढील वर्षी मुद्दल घटल्याने व्याजही घटेल आणि ओढ कमी होईल.

तारखाही याच हिशोबातून निघतात. सोयाबीन नोव्हेंबरात विकले जाते. तेव्हा सोसायटीचा हप्ता डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवावा. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. बँकेचा हप्ता फेब्रुवारीअखेर. हरभऱ्याच्या पैशावर मात्र कोणालाही तारीख देऊ नये. त्यातून जूनच्या पेरणीचे बी आणि खत यावयाचे असते. फेब्रुवारीत सर्व बाकी भरली आणि मृगात बियाण्यासाठी पुन्हा महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलले, तर कर्ज फिटले असे होत नाही. ते स्वस्त घरातून महाग घरात गेले एवढेच.

हिशोब मांडताना दोन चुका फार होतात. नवे पीककर्ज मिळणार आहे म्हणून ते उत्पन्नाच्या बाजूला लिहिले जाते. कर्ज हे उत्पन्न नव्हे. ते पुढच्या राशीतून परत जावयाचे असते. दुसरी चूक शासकीय मदतीची. एका वर्षी मिळालेले अनुदान किंवा विम्याची भरपाई दरवर्षी येईल असे धरून चार वर्षांचे हप्ते बांधू नयेत.

सर्वांना एकच कागद

वरील हिशोब सोसायटीला एक, बँकेला दुसरा आणि मेहुण्यांना तिसरा असा करू नये. एकाच कागदाच्या प्रती सर्वांना द्याव्यात आणि त्यात सर्वांचे देणे लिहिलेले असावे. हे प्रथम जड वाटते. मेहुण्यांना सोसायटीची थकबाकी कशास सांगावी, असा संकोच होतो. परंतु आपल्याला पाच हजारच का मिळतात आणि बँकेला पंधरा का, याचे उत्तर त्यांना त्या कागदावरच दिसते. घरातील माणसाला हा कागद दाखविल्यावर नाते तुटल्यापेक्षा सावरल्याचीच उदाहरणे अधिक असतील. घरधनिणीला तर तो आधी दाखवावा. दुधाचा आणि किराण्याचा खरा आकडा बहुधा तिलाच ठाऊक असतो.

तिच्या नावावर बचत गटातून किंवा लघुवित्त कंपनीकडून घेतलेले कर्ज असेल तर तेही याच कागदावर यावे. या कर्जाविषयी एक नियम सर्व ग्रामकार्यकर्त्यांना पाठ असावा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिल्याप्रमाणे वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज लघुवित्त कर्ज समजले जाते, आणि अशा कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होता कामा नयेत. हे संरक्षण उत्पन्नाच्या आकड्यावर उभे आहे. कर्ज लवकर मंजूर व्हावे म्हणून अर्जावर उत्पन्न वाढवून लिहिले, किंवा प्रतिनिधीने लिहिलेल्या आकड्याखाली न वाचता सही केली, की तेवढ्या प्रमाणात हप्ता वाढविण्यास वाट मिळते. ज्या बाईचे दुधाचे खरे उत्पन्न महिना अडीच हजार आहे तिच्या अर्जावर सहा हजार लिहिलेले असतील, तर पुढे हप्ता झेपत नाही असे सांगताना तिचीच सही तिच्या विरुद्ध जाते.

कचेरीत केव्हा व कसे जावे

हप्त्याची तारीख उलटण्यापूर्वी जावे. थकबाकीची नोंद झाली की व्याज सवलत जाते. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की मग गटसचिवाच्या हातात फारसे काही उरत नाही. वसुली अधिकाऱ्याशी गाठ पडते. वेळेवर गेलेल्या माणसाचे ऐकून घेण्यास संस्थेलाही सवड असते आणि सोयही.

अर्ज लेखी असावा. त्यात कर्ज खाते क्रमांक, थकण्याचे कारण, मागितलेले हप्ते व त्यांच्या तारखा लिहाव्यात आणि हिशोब व पावत्यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ पट्ट्या कोणालाही देऊ नयेत. मुळाबरहुकूम तपासून घेण्यास सांगावे आणि परत आणाव्यात. आपल्या प्रतीवर कचेरीचा आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याखेरीज उंबरा ओलांडू नये. व्यवस्थापक “बघू” म्हणाले तर त्याला मंजुरी समजू नये. हप्ते बदलल्याचे पत्र किंवा नवीन हप्तेपत्रक हाती आले म्हणजेच ते बदलले.

पीक नैसर्गिक आपत्तीने गेले असेल तर मागणीला नियमाचाही आधार मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये काढलेल्या निर्देशांत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्यास अल्पमुदती कर्जाचे पुनर्गठन करण्याची तरतूद होती. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर एका वर्षाच्या सवलतीसह कमाल २ वर्षे, आणि ५० टक्के व त्याहून अधिक असेल तर एका वर्षाच्या सवलतीसह कमाल ५ वर्षे, असे तिचे स्वरूप होते. असे निर्देश वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून शाखेत जाऊन त्या हंगामास लागू असलेले परिपत्रक विचारावे. पुनर्गठनास संमती देण्यापूर्वी व्याजाचा दर कोणता लागेल आणि नवे पीककर्ज मिळेल की नाही, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. अर्जाची दादच लागली नाही तर सोसायटीच्या बाबतीत तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे आणि बँकेच्या बाबतीत तिच्या वरिष्ठ कार्यालयाकडे किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडून लिहावे.

लेखी हिशोबात देण्याचा आकडा लिहिताना सावध राहावे. मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ प्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी सही करून देणे कबूल केले तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते; साध्या उसनवारीस ही मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते. खऱ्या देण्याविषयी भिण्याचे यात कारण नाही. पण ज्या रकमेविषयी वाद आहे ती धनकोच्या सांगण्यावरून तशीच लिहू नये. प्रथम खातेउतारा मागावा, आपल्या भरणा पावत्यांशी ताडून पाहावा आणि “उताऱ्याप्रमाणे, हिशोब तपासणीस अधीन राहून” असे शब्द घालावेत.

सावकाराच्या बाबतीत

खाजगी सावकारापुढे कागद ठेवण्याचा प्रश्न निराळा आहे. हिशोब मागण्याचा शेतकऱ्याचा हक्क महाराष्ट्रात जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा जमावाचा रोख सावकारांच्या खतपत्रांवर होता, कारण देण्याचा सर्व पुरावा एकट्या सावकाराच्या पेटीत असे. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने भरलेल्या रकमेची पावती आणि खात्याचा उतारा मिळण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ लागू आहे. त्याखाली शासनाने परवानाधारक सावकारांना शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जावर दरसाल दर शेकडा ९ आणि विनातारणी कर्जावर १२ असे कमाल दर २०१४ मध्ये ठरवून दिले. तेव्हा सावकाराला उत्पन्न दाखविण्यापूर्वी त्याचा परवाना, दर आणि खातेउतारा पाहावा. परवाना नसेल तर हप्त्यांची बोलणी करीत बसू नये. कागदपत्रांच्या प्रती घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधकांची भेट घ्यावी. बेकायदा सावकारीत गेलेल्या जमिनीची चौकशी करण्याचा आणि ती परत देवविण्याचा अधिकार याच कायद्याने जिल्हा निबंधकांना दिलेला आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वच धनकोंना लागू आहे. उत्पन्न दाखविणे म्हणजे घराची किल्ली देणे नव्हे. सही केलेला कोरा धनादेश, कोरा मुद्रांक, बँकेचे कार्ड, भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक यांपैकी काहीही पुरावा म्हणून लागत नाही. रक्कम न भरलेल्या दस्तावर ऋणकोची सही घेणे हा सावकारी कायद्यान्वये गुन्हा आहे. पासबुकाची किंवा आधारपत्राची प्रत द्यावी लागली तर तिच्यावर “अमुक संस्थेच्या कर्जहप्त्यांच्या कामापुरती” असे लिहून तारीख घालावी.

न्यायालयापर्यंत पाळी आलीच तर तेथेही हाच कागद कामी येतो. दिवाणी व्यवहार संहितेच्या आदेश २० नियम ११ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी देण्यास न्यायालय परवानगी देऊ शकते, आणि हप्ता किती झेपेल हे त्याला पुराव्यावरूनच ठरवावे लागते. त्याच संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याची शेतीची अवजारे, आणि न्यायालयाच्या मते उपजीविकेस आवश्यक असतील एवढी जनावरे व बियाणे, जप्तीतून वगळली आहेत. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे धमकीला भिऊन बैलजोडी आधीच विकली जाते.

ग्रामकार्यकर्त्यांना येथे पुष्कळ करता येण्यासारखे आहे. माती परीक्षणाचे किंवा बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेतात तसे पट्ट्यांच्या वहीचे प्रात्यक्षिक सुगीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी चावडीवर घ्यावे. शेतकऱ्यांनी आपापल्या पट्ट्या आणाव्यात, शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी बेरजा कराव्यात, आणि गटसचिवांना आमंत्रण असावे. मात्र कोणा एकाचे आकडे सर्वांसमक्ष वाचून दाखवू नयेत. ज्याचे त्याने घरी भरावे आणि अडेल तेथे विचारावे. आकडे फुगविण्याचा किंवा दडविण्याचा सल्ला कार्यकर्त्याने कधीही देऊ नये. पुढे कागद तपासला गेला तर त्याचाही शब्द त्या गावात उरत नाही.

ठरलेले हप्ते चार वर्षे तसेच चालतील याचा भरवसा शेतीत देता येत नाही. दुसऱ्याच वर्षी पाऊस ओढला किंवा तुरीवर मर आली, तर हप्त्याच्या तारखेची वाट न पाहता जुन्या कागदाशेजारी त्या वर्षाचा नवा कागद मांडावा, पंचनाम्याची प्रत व पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या सोबत घ्याव्यात आणि त्याच कचेरीत पुन्हा जावे. या वेळी पिशवीत मागील वर्षी शब्द पाळल्याचा पुरावाही असतो.